समुद्राच्या पोटातले भोवरे



खोल पाणी संथ असते, असे आपण सारेच धरून चालतो. नदी खडकावर खळखळते आणि डोहात गप्प होते, हा आपला नेहमीचा अनुभव. तोच अनुभव आपण समुद्रालाही लावतो. वर वारा, लाटा आणि वादळे. खाली अंधार, गारठा आणि निश्चल शांतता. ही समजूत केवळ तुमचीआमची नव्हती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत समुद्राचा अभ्यास करणारे विद्वानही थोड्याफार फरकाने असेच मानीत. खोल समुद्रातले पाणी हलते, पण ते गोगलगायीच्या चालीने, असा त्यांचा हिशेब होता. हा हिशेब कसा चुकला, त्या जागी काय सापडले आणि त्याचा आपल्याशी काय संबंध, हा आजचा विषय आहे.

प्रारंभीच सांगतो की मी पदवीधर नव्हे. गोदी कामगारांची संघटना बांधण्यात माझे आयुष्य गेले. जे काही वाचले ते रात्री, सार्वजनिक वाचनालयात, शब्दकोश उशाशी ठेवून. त्यामुळे मी समीकरणे मांडणार नाही. तोंडी हिशेब मात्र मांडीन. तो सर्वांना पडताळून पाहता येतो.

भोवरा म्हणजे कोणता भोवरा?

भोवरा म्हटले की जहाज गिळणारा, फेसाळ, गरगरणारा खड्डा डोळ्यांपुढे येतो. आजचा भोवरा तो नव्हे. तो इतका मोठा आणि इतका सावकाश असतो की त्याच्या ऐन मध्यावर उभ्या असलेल्या जहाजातील खलाशालाही त्याचा पत्ता लागू नये. त्याची रुंदी साधारणपणे पन्नास ते दोनशे किलोमीटर. एक फेरी पुरी व्हायला दिवस किंवा आठवडे लागतात. पाण्याचा वेग बहुधा माणसाच्या चालण्यापेक्षाही कमी. परंतु खोली शेकडो मीटर, कित्येकदा हजारो मीटर. आयुष्य काही महिन्यांचे, क्वचित वर्ष-दोन वर्षांचे. हवेत जी चक्री वादळे आणि जे वायुभाराचे कमी-अधिक दाबाचे पट्टे आपण ऐकतो, त्यांचेच हे पाण्यातले भाऊबंद होत.

परांचीच्या नळीने लावलेला शोध

दोन-चार हजार मीटर खोलीवरचे पाणी किती वेगाने वाहते हे मोजायचे कसे? जहाजावरून यंत्र सोडावे, तर जहाज स्वतःच वाहते. ही अडचण इंग्लंडमधील जॉन स्वॅलो या संशोधकाने १९५५ साली सोडविली, आणि त्यासाठी त्याने जे साहित्य वापरले ते ऐकून कोणाही बांधकाम मजुराला बरे वाटेल. इमारतीच्या परांचीसाठी वापरतात तसल्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या त्याने घेतल्या, कॉस्टिक सोड्याने त्यांची जाडी हवी तेवढी कमी केली, तोंडे बंद केली आणि आत ठरावीक वेळाने 'टक्‌' असा आवाज काढणारे यंत्र बसविले.

यातील युक्ती अशी. खाली जावे तसा दाब वाढतो आणि पाणी किंचित आकसते. नळीही आकसते, पण पाण्यापेक्षा कमी. म्हणजे खाली जाता जाता भोवतालचे पाणी नळीच्या मानाने जड होत जाते आणि एका विशिष्ट खोलीवर दोघांची घनता सारखी होते. तेथे नळी बुडत नाही आणि वरही येत नाही. पाणी नेईल तिकडे ती जाते. वर जहाजावर कान लावून बसलेला माणूस तिच्या आवाजावरून तिचा माग काढतो.

१९५९-६० साली 'एरीज' नावाच्या लहानशा जहाजावरून बर्म्यूडा बेटाजवळ अशा नळ्या सोडण्यात आल्या. सिद्धांताप्रमाणे खोल पाणी तेथे हळूहळू एकाच दिशेने सरकत असावयास हवे होते. नळ्या सोडाव्यात, बंदरात परत जावे, पुन्हा येऊन त्या कोठवर सरकल्या ते पाहावे, असा बेत होता. तो बेत कोलमडला. नळ्या अपेक्षेच्या दहापट वेगाने पळाल्या. शिवाय एक एकीकडे तर दुसरी भलतीकडे, आणि काही आठवड्यांत दिशा बदलून. खोल समुद्र संथ नव्हता. त्याला स्वतःचे हवामान होते!

पुढे सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९७० साली अटलांटिकच्या उष्ण कटिबंधात यंत्रांच्या सतरा साखळ्या फुलीच्या आकारात नांगरून सुमारे सहा महिने मोजमाप घेतले आणि एक संपूर्ण भोवरा आपल्या जाळ्यातून पश्चिमेकडे सरकताना पाहिला. १९७३ साली अमेरिकन व ब्रिटिश शास्त्रज्ञांनी बर्म्यूडाच्या नैर्ऋत्येस तशीच मोठी मोहीम केली. आणि १९७७-७८ मध्ये, शीतयुद्ध चालू असताना, अमेरिकन व सोव्हिएत शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन हेच काम पुढे नेले. समुद्राच्या भोवऱ्यापुढे एकट्या देशाचे बळ पुरत नाही, हे उभयतांना पटले असावे.

पाण्याचा ढीग पसरत का नाही?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. भोवरा महिनोन्‌महिने टिकतो तो कशाच्या आधारावर?

समुद्राचा पृष्ठभाग सपाट नसतो. समजा, एके ठिकाणी पाण्याचा थोडासा उंचवटा आहे. साधा विचार असा की पाणी चारी बाजूंनी खाली ओघळेल आणि उंचवटा मोडेल. परातीत तसेच होते. परंतु समुद्र फिरत्या पृथ्वीवर आहे. जत्रेतील फिरत्या चक्रावर उभे राहून समोरच्या सोबत्याकडे चेंडू फेकला तर तो सरळ न जाता एका बाजूला वळल्यासारखा दिसतो. त्याचप्रमाणे उत्तर गोलार्धात वाहते पाणी आपल्या उजव्या हाताला वळू पाहते. उंचवट्यावरून बाहेर निघालेले पाणी उजवीकडे वळत वळत शेवटी उंचवट्याभोवतीच फिरू लागते, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. दाब त्याला बाहेर ढकलतो, पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम त्याला आत ढकलतो. दोन्ही जोर सारखे झाले की पाणी बाहेर जात नाही आणि आतही येत नाही, गोल फिरत राहते. उंचवट्याऐवजी खळगा असेल तर सारे उलटे होते आणि पाणी काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरते. दक्षिण गोलार्धात या दोन्ही दिशा बदलतात.

हा हिशेब ज्याच्या नावाने ओळखला जातो तो फ्रेंच अभियंता कोरिओलिस. १८३५ साली फिरत्या यंत्रांचा विचार करताना त्याने तो मांडला. त्याच गृहस्थाने १८२९ च्या आपल्या यंत्रविषयक ग्रंथात, जोर लावून वस्तू हलविली असता जे घडते त्याला 'काम' हा शब्द पदार्थविज्ञानात पक्का केला. फ्रेंच भाषेत मजुराच्या श्रमाला जो शब्द, तोच! श्रमाचे माप शोधणाऱ्या माणसाच्या हिशेबानेच समुद्राचे भोवरे समजावेत, याचा मला वैयक्तिक आनंद आहे.

थोडे आकडे पाहू. तीस अंश अक्षांशावर शंभर किलोमीटरांच्या अंतरात पाणी अवघे १० सेंटीमीटर चढले, तर त्या उतारावरचा प्रवाह सेकंदाला सुमारे १३ सेंटीमीटर भरतो. म्हणजे दिवसाला साधारण साडेअकरा किलोमीटर. डोळ्याला न दिसणारा चढ, पण परिणाम एवढा.

आता अशा भोवऱ्याची शक्ती मोजू. त्रिज्या शंभर किलोमीटर, जाडी एक किलोमीटर आणि सरासरी वेग सेकंदाला १० सेंटीमीटर धरा. पाण्याचे वजन होते सुमारे ३२ लाख कोटी टन. त्याच्या गतीत साठलेली ऊर्जा विजेच्या भाषेत सुमारे साडेचार कोटी युनिट. वेग मुंगीचा, पण वजन डोंगरांचे. असे हजारो भोवरे जगाच्या समुद्रांत एकाच वेळी फिरत असतात. समुद्राच्या गतीत जी ऊर्जा आहे, तिचा बहुतांश वाटा मोठमोठ्या नामांकित प्रवाहांच्या सरासरी वाहण्यात नसून या निनावी भोवऱ्यांत आहे.

वर टेकडी, खाली खड्डा

ही ऊर्जा येते कोठून? समुद्र एकजिनसी नाही. वर उबदार, हलके पाणी आणि खाली थंड, जड पाणी, असे थर असतात. वरच्या पाण्याचा उंचवटा झाला की खाली उबदार पाण्याचा थर जाड होतो आणि थंड पाण्याची सीमा खोल दबते. या दोन थरांच्या घनतेत फरक हजारात दोन-तीन भागांचाच असल्यामुळे वर १० सेंटीमीटरची टेकडी असेल तर खाली तीस ते पन्नास मीटरांचा खड्डा पडतो. वरच्या टेकडीने वाढलेला दाब खालच्या खड्ड्याने बराचसा फिटतो, म्हणून खोल जावे तसा भोवऱ्याचा वेग मंदावतो. पण तो सर्वस्वी फिटत नाही. म्हणूनच तळापर्यंत हालचाल पोहोचते.

वारे वर्षानुवर्षे पाणी लोटून हे थर तिरपे करीत असतात. तिरपा थर म्हणजे साठविलेली शक्ती, उतारावर अडवून धरलेल्या लादलेल्या गाडीसारखी. तिला सपाट व्हायचे असते, पण पृथ्वीचे फिरणे तिला सरळ ओघळू देत नाही. मग ती वाकडी वाट काढते. प्रवाहाला नागमोडी वळणे पडतात, वळणे फुगतात, तुटतात आणि त्यांचे भोवरे होतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून निघणाऱ्या गल्फ प्रवाहातून अशी कडी तुटून निघतात. दक्षिणेकडे तुटलेल्या कड्याच्या पोटात उत्तरेचे थंड पाणी असते, उत्तरेकडे तुटलेल्याच्या पोटात दक्षिणेचे उबदार पाणी.

भोवरे जागच्या जागीही राहत नाहीत. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम ध्रुवाकडे जास्त आणि विषुववृत्ताकडे कमी असतो. त्यामुळे भोवऱ्याच्या उत्तर व दक्षिण काठांवर तो सारखा राहत नाही. या विषमतेमुळे भोवरा पश्चिमेकडे सरकतो, मध्यम अक्षांशांत दिवसाला काही किलोमीटर. येथे लाट आणि भोवरा यांतला भेद ध्यानी घ्यावा. उभ्या ज्वारीवरून वाऱ्याची लाट धावते, पण कणीस आपल्या जागीच राहते. भोवऱ्याचे तसे नाही. त्याच्या फिरण्याचा वेग सरकण्याच्या वेगापेक्षा जास्त असेल तर आतले पाणी आतच कोंडले जाते आणि आपले मीठ, ऊब व जीवजंतू घेऊन दूर देशी जाते.

मिठाचे भिंग

अगदी पोटातला, पृष्ठभागाशी फारसे नाते नसलेला भोवरा पाहायचा असेल तर भूमध्य समुद्राच्या दाराशी जावे लागेल. भूमध्य समुद्रात बाष्पीभवन फार, म्हणून त्याचे पाणी खारट व जड. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून ते खालच्या अंगाने अटलांटिकमध्ये उतरते, वाटेत तेथल्या पाण्यात मिसळत जाते आणि साधारण एक हजार मीटरांवर, आपल्या कोळी बांधवांच्या मापाने साडेपाचशे वावांवर, स्थिरावते. पोर्तुगालच्या नैर्ऋत्य टोकाला वळसा घालताना त्याचे गोळे सुटतात. शास्त्रज्ञ त्यांना 'मेडी' म्हणतात.

मेडीचा आकार चष्म्याच्या भिंगासारखा असतो, मध्ये जाड आणि कडेला पातळ. रुंदी चाळीस ते शंभर किलोमीटर, जाडी आठशे मीटरांच्या आसपास. आतले पाणी भोवतालापेक्षा तीन-चार अंश उबदार आणि दर किलोमागे सुमारे एक ग्रॅम अधिक खारट. उबेने ते हलके होते, मिठाने जड होते. दोन्ही फिटंफाट होऊन ते मधल्या खोलीवर तोलून राहते. ते घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. गाभा जात्याच्या पाळीसारखा एकसंध फिरतो, मध्याजवळ सावकाश व कडेला वेगाने. सारी फेरी मात्र एकाच वेळात पुरी होते.

१९८४ ते १९८६ अशी दोन वर्षे एका मेडीचा पाठलाग करण्यात आला. तिला 'शेरॉन' असे नावही दिले होते. तिच्या गाभ्याची एक फेरी सुमारे सहा दिवसांत पुरी होई. दोन वर्षांत ती दक्षिणेकडे सुमारे अकराशे किलोमीटर गेली. भोवतालचे पाणी तिला कडेने कुरतडत होते, तरी कित्येक महिने गाभा जसाच्या तसा राहिला. खालच्या बाजूने ती झिजते त्याचे कारण मजेदार आहे. पाण्यात ऊब मिठाच्या सुमारे शंभरपट वेगाने पसरते. खाली टेकलेले खारट पाणी आपली ऊब चटकन गमावते, मीठ मात्र तसेच राहते. म्हणून ते जड होऊन बोटाबोटाएवढ्या धारांनी खाली गळते. काही मेडींचा शेवट याहून अकस्मात होतो. त्या पाण्याखालच्या पर्वतांवर आदळून फुटतात.

आपल्या अरबी समुद्रातही असे खारट पाणी शिरते, इराणच्या आखातातून दोन-तीनशे मीटरांवर आणि तांबड्या समुद्रातून पाचशे ते आठशे मीटरांवर. भोवरेच ते ओढून दूर पसरवितात. सोमालियाच्या किनाऱ्याबाहेर तर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर दरवर्षी चार-पाचशे किलोमीटर रुंदीचा महाभोवरा उभा राहतो. ज्या वाऱ्यांनी आपल्याकडे पेरण्या होतात, त्याच वाऱ्यांचे हे दुसरे अपत्य. हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेनंतर १९६६ साली स्थापन झालेली आणि गोव्यात दोना पावला येथे असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था हाच समुद्र अभ्यासते. १९९२ पासून कृत्रिम उपग्रह समुद्राची उंची सेंटीमीटरांच्या हिशेबात मोजू लागले, आणि 'आर्गो' योजनेतील हजारो तरंगती यंत्रे दोन हजार मीटरांपर्यंत बुडी मारून वर येऊन वर्तमान सांगू लागली. स्वॅलोच्या नळीची ही नातवंडेच म्हणायची.

याचे आपल्याला काय?

आता कोणी म्हणेल, हे सारे ठीक. पण याने आमच्या घरात काय उजेड पडतो? माझे उत्तर असे आहे.

काट्यांच्या विरुद्ध फिरणारा भोवरा, उत्तर गोलार्धात, निर्माण होताना खालचे थंड व पोषक पाणी उजेडापर्यंत उचलतो; तेथे सूक्ष्म वनस्पती वाढतात व त्यांच्यामागे मासळी येते. उबदार पाण्याच्या जाड भोवऱ्यावरून चक्री वादळ गेले तर त्याला खालून इंधन मिळत राहते. म्हणजे कोळ्याची चूल आणि किनाऱ्यावरचे छप्पर, दोन्ही यात गुंतलेली आहेत.

पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. १९४६ पासून काही देशांनी किरणोत्सर्गी कचरा पिंपांत भरून समुद्रात टाकावयास सुरुवात केली. ईशान्य अटलांटिकमध्ये हे काम १९४९ पासून १९८२ पर्यंत चालले, शेवटी शेवटी चार हजार मीटरांहून अधिक खोल पाण्यात. जागा दूर आहे, पाणी मंद आहे, जे झिरपेल ते विरून जाईल, असा हिशेब होता. त्या पिंपांनी मोठा अनर्थ झाला असे मी म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो की, हे काम सुरू झाले तेव्हा खोल पाण्याचा वेग कोणी धडपणे मोजलेलाच नव्हता. आणि मोजला तेव्हा तो दहापट निघाला. पुढे कॅनडाजवळच्या समुद्रात सुमारे पाच हजार मीटर खोलीवर तळाची वादळेही नोंदली गेली. भोवऱ्यांच्या शक्तीने तळाचा चिखल दिवसेंदिवस ढवळला जातो, असे दिसून आले.

१९८३ च्या फेब्रुवारीत लंडन येथील आंतरराष्ट्रीय बैठकीने हे कचरा टाकणे स्थगित ठेवण्याचा ठराव केला. ब्रिटिश सरकारला ते चालू ठेवायचे होते. तेव्हा ब्रिटनच्या खलाशांच्या राष्ट्रीय संघटनेने असल्या जहाजावर काम करण्यास नकार दिला. वाहतूक आणि रेल्वे कामगारांच्या संघटना तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या. त्या वर्षीचे जहाज निघालेच नाही. १९९३ साली जागतिक करारानेच ही बंदी कायम झाली. त्या खलाशांनी भोवऱ्यांचे गणित सोडविले होते असे नव्हे. पण ज्याची खात्री करून घेतलेली नाही ते काम आमच्या हातून करवून घेऊ नका, असे सांगण्याचा अधिकार त्यांनी बजावला. संघटनेचा इतका स्वच्छ उपयोग मी फार थोड्या ठिकाणी वाचला आहे.

हा प्रश्न संपलेला नाही. समुद्रतळावरील धातूंचे गोटे उपसण्याची तयारी अनेक देश करीत आहेत. मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटरांवर शोध घेण्याचा करार भारतानेही २००२ साली केला. तळ खरवडला की चिखलाचा लोट उठणार. तो कोठवर जाईल? पॅसिफिकमध्ये असे दिसून आले आहे की, मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावरील वाऱ्यांनी उठविलेले भोवरे पश्चिमेकडे सरकत येतात आणि चार हजार मीटर खालच्या तळावरील प्रवाहही जोरदार करतात. ज्या दिवशी भोवरा माथ्यावर असेल त्या दिवशीचा लोट आणि इतर दिवसांचा लोट सारखा नसणार. म्हणून धातूची गरज असो वा नसो, नियम ठरविताना सरासरी वेग धरून चालणार नाही. सरासरीत भोवरा दिसत नाही, जशी सरासरी मजुरीत उपाशी घरे दिसत नाहीत.

तेव्हा श्रोतेहो, यापुढे कोणी आपल्याला सांगितले की अमुक वस्तू समुद्रात खोल टाकली आहे, आता काळजी नाही, तर त्याला दोन प्रश्न अवश्य विचारा. तेथले पाणी किती वेगाने वाहते? आणि ते किती दिवस मोजले? एखाद्या आठवड्याची मोजणी पुरेशी नाही. भोवरा महिन्यांनी येतो आणि महिन्यांनी जातो. विचारणाऱ्याला पदवी लागत नाही. उत्तर समजून घेण्याची चिकाटी मात्र लागते, आणि ती आपणा सर्वांपाशी आहे, याची साक्ष ही भरलेली सभाच देत आहे.